चिप भरून देणारी दुकानं : पन्नास रुपयांत काय येतं आणि कोणाचं जातं

मराठवाड्यात तालुक्याच्या बसस्टँडसमोर रिचार्ज, रिपेअरिंग, झेरॉक्स आणि 'गाणे भरून मिळतील' अशा चारही पाट्या एकाच दुकानावर दिसतात. जिंतूर असो, माजलगाव असो की कळमनुरी, सेवा सारखीच. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, चिप भरून द्या." दुकानदार विचारतो, "जुने का नवे?" चिप, म्हणजे मेमरी कार्ड, रीडरमध्ये जातं, फोल्डर उचलून टाकले जातात, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. ८ जीबीच्या कार्डाला साधारण ५० ते १०० रुपये, पेन ड्राइव्हला थोडे जास्त, सिनेमा हवा असेल तर नगावर भाव. हे परीक्षण एखाद्या दुकानाचं नाही, या सगळ्या सेवेचं आहे: माल कसा मिळतो, फसगत कुठं होते, आणि ज्यांचं गाणं विकलं जातं त्यांच्या हाती काय पडतं.

डेटा स्वस्त झाल्यावर ही दुकानं बंद पडतील असं वाटत होतं. पडली नाहीत, आणि त्याला कारणं आहेत. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोपीवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, चार्जिंगची सोय नसते, रेंज येते-जाते, आणि बटनाचा फोन एकदा चार्ज केला की दोन-दोन दिवस चालतो. रात्रीची लाइट आली म्हणून पाणी द्यायला आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, थांबलेल्या माणसाला, ट्रॅक्टरवाल्याला, सप्ताहाच्या मंडपातल्या साउंडवाल्याला इंटरनेटवरचं गाणं कामाचं नसतं. त्यांना गाणं कार्डावर हवं असतं. ही गरज खरी आहे. साध्या बटनाच्या फोनवर स्ट्रीमिंगची ॲप चालत नाहीत, हे शहरात बसून 'महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्या' म्हणणाऱ्यांनी आधी ध्यानात घ्यायला हवं. सोय म्हणून या सेवेला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात.

मालाचं मात्र तसं नाही.

पाटीवर '३२० केबीपीएस, डीजे क्वालिटी' लिहिलेलं असतं. केबीपीएस म्हणजे गाण्याच्या एका सेकंदाला किती किलोबिट माहिती ठेवली ते. हिशोब करून पाहा. १२८ केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं ४.८ एमबीचं होतं, ३२० चं १२ एमबीचं. म्हणजे ८ जीबीच्या कार्डात १२८ ची दीड हजारांवर गाणी मावतात, ३२० ची साडेसहाशेच. 'तीन हजार गाणी, तीही ३२० मध्ये' असं कोणी सांगत असेल तर दोन्हींतलं एक खोटं आहे. बहुतेक गाणी यूट्यूबवरून उतरवलेली असतात. तिथला आवाज आधीच १२८ ते १६० केबीपीएसच्या आसपास दाबलेला असतो. त्याची कन्व्हर्टरनं ३२० ची एमपीथ्री केली की फाइल फुगते, आवाज सुधारत नाही. उलट दुसऱ्यांदा दाबल्यामुळे टाळ आणि झांज चरचरत वाजतात. तपासायचं असेल तर संगणकावर 'स्पेक' नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि फाइल त्यात ओढा. आलेखातला रंग १६ हजार हर्ट्झच्या पातळीवर सरळ रेषेत थांबत असेल तर मूळ माल १२८ चा. खरी ३२० ची फाइल साधारण २० हजारांपर्यंत जाते. बटनाच्या फोनवर हा फरक कळणार नाही. चांगल्या साउंडवर भजन किंवा खुलताबादच्या उरुसातली कव्वाली लावली की लगेच कळतो.

कार्डही तपासून घ्यावं. नकली कार्डाच्या चिपमध्ये आकडा खोटा लिहिलेला असतो: आत ४ जीबीची जागा, फोनला दाखवतं ३२. चार जीबीनंतरची गाणी साठतच नाहीत किंवा आधीच्या गाण्यांवर चढत जातात, म्हणून काही गाणी वाजतात आणि बाकीची अडखळतात किंवा उघडतच नाहीत. दुकानात नावं दिसतात, घरी वाजत नाहीत, त्यामागं बहुतेकदा हेच कारण. विंडोजवर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू', लिनक्सवर 'एफ-थ्री' ही फुकट साधनं पूर्ण कार्ड लिहून परत वाचतात आणि खरी जागा सांगतात. ३२ जीबीचं कार्ड ८ एमबी प्रतिसेकंद वेगानं लिहायलाच तासाच्या वर लागतो, वाचायला आणखी, तेव्हा घाईत असलेला दुकानदार ही चाचणी करणार नाही; ती घरीच करावी. जुन्या कार स्टीरिओला आणि बटनाच्या फोनला ३२ जीबीपर्यंतचं, फॅट-३२ फॉरमॅटचं कार्ड चालतं. ६४ जीबीचं कार्ड एक्स-फॅटमध्ये येतं आणि तिथं वाचलंच जात नाही.

गाण्यांचा क्रम चुकण्याची तक्रारही नेहमीची. अनेक स्वस्त स्टीरिओ नावाप्रमाणे गाणी लावत नाहीत, ज्या क्रमानं फाइली कार्डावर उतरल्या त्या क्रमानं वाजवतात. हरिपाठाचे अभंग मागे-पुढे होतात ते त्यामुळे. फाइलींच्या नावाआधी ००१, ००२ असे आकडे द्या, कार्ड फॉरमॅट करा आणि मग एकेक फोल्डर क्रमानं टाका.

पेन ड्राइव्ह परत आणल्यावर फोल्डरच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसले तर त्यावर दोनदा टिचकी मारू नका. व्हायरसनं खरे फोल्डर लपवलेले असतात आणि शॉर्टकट उघडला की तो संगणकात शिरतो. लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करून फक्त गाणी बाजूला काढा, ड्राइव्ह स्कॅन करा, फॉरमॅट करा. दिवसभर पन्नास जणांचे ड्राइव्ह एकाच संगणकाला लागतात, तिथं दुसरं काय होणार? आणि 'सिनेमा पाहायला हे ॲप टाका' म्हणून कोणी एपीके फाइल दिली तर ती फोनमध्ये घालूच नये. मेसेज वाचण्याची परवानगी मागणारं असं ॲप बँकेचा ओटीपी पळवू शकतं.

सिनेमाचा माल सगळ्यात वाईट. '३०० एमबीत पूर्ण पिक्चर' मिळतो. अडीच तासांच्या सिनेमाला ३०० एमबी म्हणजे चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला जेमतेम २७० किलोबिट. डीव्हीडीला यासाठी काही हजार किलोबिट लागतात. रात्रीचा प्रसंग आला की पडद्यावर चौकोन नाचतात, पाऊस आला की चेहरे विरघळतात. मोठी फाइल घेतली तर ४ जीबीच्या वरची फॅट-३२ कार्डावर चढत नाही. चढली तरी जुना टीव्ही एच-२६५ या नव्या पद्धतीनं दाबलेली फाइल उघडत नाही, आणि आवाज डीटीएस पद्धतीचा असेल तर चित्र दिसतं, आवाज येत नाही. नवा सिनेमा पहिल्याच आठवड्यात मिळत असेल तर तो थिएटरात मोबाइल धरून चोरलेला असतो. डिजिटल प्रिंटमध्ये डोळ्यांना न दिसणारी खूण असते. कोणत्या पडद्यावरून, कोणत्या वेळी कॉपी उतरवली ते त्या खुणेवरून काढता येतं. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं अशा चित्रीकरणाला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला आहे. आपल्याकडे एकपडदा थिएटरं आधीच मोजकी उरली आहेत. त्यातल्या एखाद्याच्या खुर्चीवरून कॉपी निघाली तर चौकशी त्या थिएटरमालकाच्या दारात येते.

इथवर गिऱ्हाइकाचं नुकसान झालं. यापेक्षा मोठं नुकसान पुढं आहे, आणि त्याची तक्रार करायला दुकानावर कोणी येत नाही.

एमपीथ्री फाइलीच्या पोटात टॅग असतात: गाण्याचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार, साल. फुकट गाण्यांच्या साइटी गायकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घालतात, चित्राच्या जागी स्वतःची जाहिरात. दुकानात हे फोल्डर 'भीमगीत न्यू', 'देवीचे', 'कीर्तन मिक्स' अशा नावांनी जमा होतात. तिथून पुढं गाणं कोणाचं हे कायमचं पुसलं जातं. दर वर्षी १४ एप्रिलच्या आधी नांदेड, परभणी, संभाजीनगरकडचे गायक नवी भीमगीतं काढतात. स्टुडिओचे तास, वादकांची बिदागी, मिक्सिंग, सगळं स्वतःच्या खिशातून. गाणं यूट्यूबवर चढतं आणि लगेच चिपांमध्ये जातं. जयंतीच्या मिरवणुकीत तेच गाणं दहा ठिकाणी वाजतं, पण पुढच्या कार्यक्रमाची सुपारी द्यायला गायकाचा शोध घ्यायचा तर नाव कुठंच नसतं. लोककलावंताची कमाई रेकॉर्डच्या विक्रीपेक्षा कार्यक्रमांवर चालते, म्हणून नाव पुसणं हा त्याच्या पोटावरचा थेट घाव आहे. फुकट वाटण्यापेक्षाही निनावी वाटणं वाईट, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यूट्यूबचा हिशोबही इथं लागू होतो. जाहिरातीतला वाटा मिळायला चॅनेलला एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचं पाहणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यू). गावाकडच्या नव्या शाहिराला ते चार हजार तास गाठणं हीच लढाई असते. त्याचा व्हिडिओ डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर फिरवला की पाहणारे वाढतात, तास वाढत नाहीत. 'प्रसिद्धी तर झाली ना' म्हणणाऱ्यानं लिंक पाठवली असती तर प्रसिद्धीही झाली असती आणि तासही वाढले असते.

कायदा काय म्हणतो ते थोडं नेमकं पाहू, कारण याबाबत दोन्ही बाजूंनी भलतंसलतं सांगितलं जातं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठी न्याय्य वापराची सूट आहे. स्वतः विकत घेतलेल्या सीडीची एमपीथ्री करून स्वतःच्या फोनमध्ये ऐकली म्हणून कोणी चोर ठरवणार नाही. पैसे घेऊन दुसऱ्याला भरून देणं त्या सुटीत बसत नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. कलम ६४ नुसार उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. म्हणजे पन्नास रुपयांच्या कामात दुकानाचा संगणक जाऊ शकतो. याच कलम ६३ मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे: धंद्यातल्या नफ्यासाठी उल्लंघन केलेलं नसेल तर न्यायालय खास कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. मित्राला गाणं देणारा आणि गाण्यांचं दुकान थाटणारा यांच्यात कायदासुद्धा फरक करतो. आपणही करावा.

याच नजरेनं टेलिग्रामच्या चॅनेलांकडे पाहा. 'आम्ही फुकट देतो, समाजसेवा' असं तिथं सांगतात. पण प्रत्येक लिंकआधी जाहिरातींची तीन पानं उघडतात, मधेमधे सट्ट्याच्या ॲपचा प्रचार असतो. पैसा कमावला जातोच, फक्त तो गाणाऱ्याकडे जात नाही. बसस्टँडवरचा दुकानदार निदान समोर उभा असतो, वीजबिल भरतो, कार्ड बिघडलं तर बदलून देतो. दोघांत निवड करायची तर दुकानदार पुष्कळ बरा.

डीजेवाल्यांचा प्रश्न नेहमी येतो. लग्नाच्या वरातीत, हळदीत गाणी वाजवायला वेगळा परवाना लागत नाही. कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. हॉटेलातल्या ३१ डिसेंबरच्या पार्टीला ती सूट नाही. आणि वाजवायला सूट आहे म्हणून पेन ड्राइव्हमधली चोरीची कॉपी कायदेशीर होत नाही, हेही तितकंच खरं.

जुनं आहे म्हणजे मोकळं आहे, हा दुसरा गैरसमज. ध्वनिमुद्रण आणि सिनेमा यांचं संरक्षण प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतं; १९६० साली निघालेली रेकॉर्ड १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली. पण गीत आणि चाल यांचं संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतं, म्हणून रेकॉर्ड मोकळी आणि गाणं बांधलेलं असं होऊ शकतं. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटाचं संरक्षण केव्हाच संपलं. त्यातलं 'आधी बीज एकले' हे पद पुष्कळ जण तुकोबांचं समजतात. ते शांताराम आठवले यांनी लिहिलेलं आहे. ते १९७५ साली वारले, म्हणजे त्या शब्दांचं संरक्षण २०३५ संपेपर्यंत. उलट पैठणच्या नाथांचं भारूड, गंगाखेडच्या जनाबाईंचे आणि नर्सीच्या नामदेवांचे अभंग शब्द म्हणून सगळ्यांचे आहेत. कोणीही गावे, छापावे. पण ते कोणी मागच्या वर्षी गायले असतील तर ते ध्वनिमुद्रण आणि ती गायकी त्या माणसांची आहे. कीर्तनालाही हेच लागू. मोबाइलवर उभ्या-उभ्या रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकणाऱ्यानं कीर्तनकाराची परवानगी घेतलेली नसेल तर तो कलम ३८ च्या पुढच्या तरतुदींतला कलावंताचा हक्क मोडतो. ज्ञान सर्वांचं असलं तरी ते सांगणाऱ्याचा घसा त्याचाच असतो.

मग वाटण्याजोगं काय? जे कुठंच विकत किंवा अधिकृत मिळत नाही, ज्याच्या कॅसेटी बुरशी लागून संपत चालल्या आहेत, ते जपून ठेवणं आणि नावासकट एकमेकांना ऐकवणं याला आम्ही दोष देणार नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत स्थानिक कंपन्यांनी काढलेल्या गोंधळाच्या, वग-लावणीच्या, कव्वालीच्या कॅसेटींचे आज ना मालक सापडतात ना मास्टर टेप. कायदा इथंही सूट देत नाही, हे माहीत असू द्यावं. पण कोणाची कमाई बुडत नाही आणि ठेवा वाचतो, तेव्हा नीतीचा काटा जपणाऱ्याकडे झुकतो. असं काम करायचं तर नीट करा: कॅसेट दोनदा पूर्ण पुढे-मागे फिरवून सैल करा, प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, हेडफोनच्या नव्हे तर लाइन-आउटच्या छिद्रातून संगणकात घ्या, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटनं वेव्ह फाइल ठेवा, आणि कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडा. कव्हरवरचं वादकांचं नावही टाइप करा. कलावंत किंवा त्याचे वारस सापडले आणि नको म्हणाले, तर काढून टाका.

हे काम मोठ्या प्रमाणावर, रीतीनं कसं करता येतं याचा नमुना मराठवाड्यातूनच दाखवता येतो. जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह 'पारी' या संकेतस्थळावर आहे. त्यात माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या गाणारणीच्या नावासह, गावासह ऐकता येतात. नाव पुसलं नाही, आणि फुकटही आहे.

ज्याला कायदा चुकवायचा नाही त्याच्यासाठी सरळ पर्याय असे. आकाशवाणीची बीड, नांदेड, संभाजीनगर, धाराशिव ही केंद्रं एफएमवर फुकट आहेत. बटनाच्या फोनला बहुधा एफएम असतोच, हेडफोनची वायर अँटेना म्हणून लावावी लागते. प्रसार भारतीचं 'वेव्हज' ॲप नोव्हेंबर २०२४ पासून चालू आहे. वयस्कर माणसांसाठी 'कारवाँ'सारखं आधीच गाणी भरलेलं यंत्र चांगलं. मराठी गाण्यांचंही मिळतं, बटन दाबलं की वाजतं, महाग वाटलं तरी इंटरनेट लागत नाही आणि गाणी हक्काची असतात. स्ट्रीमिंगच्या पैसे भरलेल्या ॲपमध्ये डाउनलोड होतं, पण ते ॲपच्या आतच राहतं, चिपमध्ये काढून दुसऱ्या फोनला घालता येत नाही. आखाड्यावरच्या माणसाची अडचण इथं सुटत नाही, आणि कंपन्यांनी ती सोडवलेली नाही ही या बाजाराची मोठी उणीव आहे. स्वस्तात, हक्काची, कुठल्याही फोनवर वाजणारी एमपीथ्री तालुक्याच्या गावात कोणी विकतच नाही.

ती जागा दुकानदार आणि स्थानिक कलावंत मिळून भरू शकतात. त्याला कंपनी लागत नाही, एक कागद लागतो. कलम ३० प्रमाणे हक्कदारानं लेखी परवाना द्यायचा. त्यात गाण्यांची यादी, परवान्याची मुदत, कोणत्या तालुक्यापुरता, एका कार्डामागे किती रुपये आणि हिशोब दर महिन्याला कोणत्या तारखेला, एवढं लिहावं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर पूर्ण भारत. म्हणून दोन्ही लिहाच. गीत आणि चाल दुसऱ्याची असेल तर त्यांचीही सही घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या (थिएटरात सिनेमा दाखवणं सोडून) किंवा ध्वनिमुद्रणातल्या गीत-संगीताच्या वापरात गीतकार-संगीतकाराचा समान वाटा कायद्यानं त्यांचाच राहतो, तो लिहून घेता येत नाही. फाइली कलावंतानं स्वतः द्याव्यात, खऱ्या ३२० च्या, टॅग भरलेल्या, फाइलीच्या नावातच गायकाचं नाव आणि कार्यक्रमासाठीचा फोन असलेल्या. दुकानदारानं त्या वेगळ्या फोल्डरात ठेवाव्यात आणि पाटीवर कलावंताचं नाव लावावं.

आणि कोणी परस्पर दुसऱ्या चॅनेलवर गाणं चढवलं असेल तर यूट्यूबचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म फुकट भरता येतो. इतर संकेतस्थळांना कॉपीराइट नियम २०१३ च्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार पाठवावी: कोणतं गाणं, हक्क तुमचा असल्याचा पुरावा, नेमकी लिंक, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणू अशी हमी. त्यांना ३६ तासांत ते बंद करावं लागतं. आदेश आला नाही तर २१ दिवसांनी ते परत चालू करू शकतात, म्हणून तक्रार टाकायच्या आधीच वकिलाशी बोलून ठेवा आणि स्टुडिओची पावती, मूळ प्रोजेक्ट फाइल, पहिल्या अपलोडची तारीख हे तिन्ही पुरावे एकत्र काढून ठेवा.